लिथियमची गोळी आणि माणसाचा स्वभाव

जबलपूरहून बोलतोय. मी फौजी, म्हणून आज गोष्टही एका फौजी डॉक्टरची. मेजर जॉन केड, ऑस्ट्रेलियाचे. साडेतीन वर्षं ते सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर १९४८ मध्ये त्यांनी, पाच वर्षं उन्मादात असलेल्या एका रुग्णाला लिथियम दिलं. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. बरं वाटलं म्हणून औषध सोडलं, आजार उलटला. पुन्हा लिथियम सुरू झालं. पण १९५० मध्ये त्याच्याच विषबाधेने तो गेला. पुढे रक्तातलं प्रमाण मोजून लिथियम देऊ लागले, धोका कमी झाला. मात्र ‘आता बरा आहे, गोळी कशाला?’ म्हणणारा स्वभाव रक्ततपासणीत दिसत नाही. बायपोलरमध्ये उपचाराचं यश त्यावरही अवलंबून असतं. तेव्हा डॉक्टरांनी गोळीइतकंच माणसालाही ओळखावं, आणि घरच्यांनीही.