न झालेल्या अपघातांची नोंद कोण ठेवतं?

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये चालू हॉटप्लेटच्या शेजारी ॲसिटोनची बाटली सांडली. क्षणभर सगळ्यांची पाचावर धारण बसली. मग हॉटप्लेट बंद केली, पुसापुशी झाली आणि आम्ही चहाला गेलो. अपघातांच्या नोंदवहीत कुणी काही लिहिलं नाही, कारण 'काही झालंच नाही ना!' खरं कारण वेगळं होतं. सरांना कळलं असतं तर बोलणी बसली असती.

विमान उडवणाऱ्यांनी हा प्रश्न कसा हाताळला ते वाचताना मी अमेरिकेच्या सिव्हिल एअर पेट्रोल या स्वयंसेवी संस्थेपर्यंत पोहोचलो. तिची स्थापना १ डिसेंबर १९४१ ची, म्हणजे पर्ल हार्बरच्या सहा दिवस आधीची. मार्च १९४२ पासून तिच्या वैमानिकांनी जर्मन पाणबुड्या शोधायला किनाऱ्यालगत गस्त घातली. विमानं छोटी, बहुतेक एका इंजिनाची, त्यामुळे ती जोडीनं जात. एक समुद्रात पडलं तर दुसरं निदान जागा तरी कळवेल. ऑगस्ट १९४३ मध्ये ही गस्त थांबली, तोवर ९० विमानं गेली होती आणि २६ जणांचा जीव. समुद्रात विमान उतरवावं लागूनही जे वाचले, त्यांचा 'डक क्लब' होता.

आता हे आकडे संशोधकाच्या नजरेनं बघा. यात पडलेली विमानं आहेत. ज्याचं इंजिन वाटेत अडखळलं आणि तरी जो सुखरूप परतला, तो यात कुठेच नाही. पुढचा अपघात कशानं होणार याची माहिती मात्र त्याच्याकडे होती.

या माहितीची किंमत कळायला १ डिसेंबर १९७४ उजाडावा लागला. त्या दिवशी टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. नियंत्रकानं दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता खाली उतरायला हरकत नाही' असा घेतला होता. चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचं एक विमान याच गैरसमजातून त्याच ठिकाणी थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ती सूचना बाहेर पोहोचलीच नाही. १९७६ मध्ये अशा प्रसंगांच्या ऐच्छिक, गोपनीय नोंदी घेणारी यंत्रणा सुरू झाली. ती चालवायला दिली नासाकडे, कारण वैमानिकाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार नासाला नाही. ज्याच्या हातात छडी आहे, त्याच्याकडे कबुली द्यायला कोण जाईल?

पुढे हीच विचारसरणी 'सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली' या नावानं रुळली. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं तिच्यासाठी स्वतंत्र परिशिष्टच केलं. तिचे भाग चार: धोरण, जोखमीचं व्यवस्थापन, उपाय चालतात की नाही याची तपासणी, आणि प्रशिक्षण-प्रसार. सिव्हिल एअर पेट्रोलनंही हीच चौकट घेतली.

पण स्वयंसेवी संस्थेत ती राबवणं वेगळं असतं. इथे पगार नाही. सुरक्षा अधिकारीही स्वयंसेवकच, आपली नोकरी सांभाळून आलेला. एखाद्याला चारचौघांत झापलं तर तो पुढच्या शनिवारी येतच नाही, आणि त्याच्यासोबत त्याची माहितीही जाते. दुसरी अडचण सेवाभावाची. कुणी बेपत्ता आहे, शोधायला जायचंय आणि हवा बिघडलीय, तेव्हा 'मी जात नाही' म्हणणं फार जड जातं. म्हणून उड्डाणाआधी हवामान, थकवा, अनुभव यांची जोखीम कागदावर मांडायची आणि उड्डाणाला मंजुरी दुसऱ्या व्यक्तीनं द्यायची. मग नकाराचा भार एकट्या वैमानिकावर राहत नाही.

संशोधनाच्या तयारीतल्या मित्रमैत्रिणींनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशी व्यवस्था सुरू झाली की नोंदी वाढतात. त्यावरून 'धोके वाढले' असा निष्कर्ष काढाल तर फसाल. ऐच्छिक नोंदी हा यादृच्छिक नमुना नसतो. किती प्रसंग घडले आणि त्यातले किती कळवले गेले, हे आपल्याला माहीतच नसतं. त्यामुळे अशा विदेतून 'किती वेळा' ठरवता येत नाही, 'कसं घडतं' ते मात्र उत्तम कळतं. आणि नोंदवही कोरी असेल तर आधी विचारा, इथे लिहिणाऱ्याचं पुढे काय होतं?

गेल्या आठवड्यात आम्ही लॅबमध्ये दाराशी एक वही टांगली. तिच्यात नावाचा रकाना नाही. पहिली नोंद ॲसिटोनची आहे, आणि तिच्याखाली मी माझं नाव लिहिलंय. बाटली माझ्याच हातून सांडली होती.