कोयनेकांठचें अरण्य

पाटणास केरा नदी कोयनेस मिळते. तेथून कोयनेच्या उगमाकडे जावें, तसतसें खोरें अरुंद होतें आणि डोंगर दाट रानानें झांकलेले दिसतात. १९६० नंतर या खोऱ्यांत धरण पुरें झालें, शिवसागर भरला. वीज राज्यभर पोंचली. पण खोऱ्यांतील कित्येक गांवें उठलीं, देवळें व शेतें पाण्याखालीं गेलीं. जलाशयापलीकडील डोंगर मात्र माणसाच्या वाटेवरून दूर पडले. १९८५ सालीं तेथें कोयना अभयारण्य झालें. २०१० सालीं कोयना व चांदोली मिळून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला आणि २०१८ च्या मे महिन्यांत तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यानें वाघ टिपला.

अशीच कथा दूरच्या गोबी वाळवंटाची. दोन मदारींचा रानटी उंट आज चीन व मंगोलिया एवढ्यांतच उरला आहे. त्याची संख्या हजाराच्या आंत मानितात. चीनमध्यें लोप नोरच्या ओसाड प्रदेशांत १९६४ पासून अणुस्फोटांच्या चांचण्या झाल्या. माणसास तेथें मज्जाव होता. म्हणून खारें पाणी पिऊन जगणारें तें जनावर तगलें. पुढें तेथेंही अभयारण्य झालें.

दोन्हीं ठिकाणीं माणूस निघाला होता निराळ्याच कार्यास. श्वापदांस आसरा मिळाला तो अनायासें. परंतु अनायासें मिळालेलें टिकवावयास मात्र आयास पडतात. शिवाय कोयनेचें रान ज्यांच्या उठण्यानें निवांत झालें, त्या गांवकऱ्यांस विसरून त्याचा इतिहास लिहितां येणार नाहीं.