दुष्काळात आधी पाणी सांभाळा : माणदेशाच्या इतिहासातून घरासाठी धडा

आपत्ती म्हटलं की भूकंप, महापूर, आग हे आठवतं. माणदेशातली आपत्ती मात्र पावलं न वाजवता येते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम 500. दहिवडी, म्हसवड आणि शेजारचं सांगली जिल्ह्यातलं आटपाडी, हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे पाऊस दगा देणार हे गृहीत धरूनच संसार मांडला जाई.

जुन्या घरांची तयारी बघा. पेवात ज्वारी, कणगीत बाजरी, मडक्यांत मटकी-हुलगे, डब्यांत सांडगे, गोठ्यामागे कडब्याची गंज. पोटाची सोय झाली. पण एक बाजू कच्ची राहिली, पिण्याच्या पाण्याची. आणि माणसं दगावली ती बहुतेक वेळा तिथेच.

1876 : भूक आणि पटकी

1876 ते 78 च्या दुष्काळात सातारा जिल्हा होरपळला. सरकारी कामावर येणाऱ्या मजुराला सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेलं धान्य मिळे दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, आणि वर थोडे पैसे. दिवसभर माती वाहणाऱ्याला हे पुरणार कसं? मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

पण भूक एकटी येत नाही. विहिरी आटल्या की सारं गाव एकाच डबक्यावर जातं. माणसं, गुरं, धुणं, सगळं तिथेच. कामांवर हजारो लोक दाटीने राहतात. उपाशी शरीराची झुंजण्याची ताकद संपलेली असते. मग पटकी (कॉलरा), हगवण आणि हिवताप हात धुऊन घेतात. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचा मोठा वाटा या आजारांचा होता. पटकीचा जंतू पाण्यातून पोटात जातो हे रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात दाखवलं ते 1884 मध्ये. तोवर लोक तिला देवीचा कोप समजत.

1972 : धान्य पोहोचलं

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना 1972 विचारा. खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो, सगळं सांगतील. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हाल अतोनात झाले, पण 1876 सारखी मनुष्यहानी झाली नाही. हाताला काम आणि पोटाला धान्य मिळालं, हे त्याचं मोठं कारण. सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी पाठपुरावा केलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर पोहोचली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

फडकं आणि मीठ-साखर

पाण्याची बाजू सुधारली ती दोन साध्या गोष्टींनी. पहिली, फडकं. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत आणि त्यातून नारू पसरे. नारूवर लस नव्हती, खात्रीचं औषधही नव्हतं. पाणी दाट फडक्याने गाळणं, विहिरींच्या पायऱ्या बंद करणं आणि लोकांना समजावणं, एवढ्यावर 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

दुसरी, मीठ-साखरेचं पाणी. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. हेच आजचं ओआरएस.

तुमच्या घरासाठी

• पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज किमान 4 लिटर धरा आणि तीन दिवसांचं झाकून ठेवा. उन्हाळ्यात जास्त. ओगराळ्यानेच काढा, हात बुडवू नका.

• टँकरचं पाणी गाळा, मग खळखळ उकळा. इंधन नसेल तर क्लोरीनचं औषध बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा.

• ओआरएसची पाच-सहा पाकिटं ठेवा. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका.

• रक्तदाब, मधुमेह, फिट्सच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या शिल्लक असाव्यात. वीज गेली तर इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून गार माठात ठेवा.

• जुने रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, आधार आणि रेशन कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

• जुलाब होणाऱ्या रुग्णाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा सुस्ती आली तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा. बाळ आणि वृद्ध यांच्या बाबतीत त्याहून लवकर.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडालं होतं, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला टँकर चालू होते. दोन्हीकडे घराची गरज एकच होती, पिण्याजोगं पाणी. म्हणून ही तयारी दुष्काळालाही चालते आणि पुरालाही. धान्याची कणगी भरायला आपल्या आज्यांनी शिकवलं. पाण्याचा माठ सांभाळणं आता आपण घरातल्या पोरांना शिकवू.