हाडाला मानवलेली कल्हई

संत तुकाराम नगरच्या रहिवाशांना लेप ही वस्तू अपरिचित नाही. भोवतालच्या कारखान्यांतून झिजलेल्या दांड्यावर धातूची फवारणी करून तो पुन्हा मापास आणतात. घरी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे, ती आंबट पदार्थ धातूला लागू नये म्हणून. लेपाने दोन वस्तूंना परस्परांपासून दूर ठेवावयाचे, ही आपली समजूत. आज ज्या लेपाची हकीकत सांगावयाची आहे, त्याचे काम नेमके उलट आहे.

हाडात धातू बसवू पाहणाऱ्या शल्यवैद्यांना पहिली अडचण आली ती पुवाची. लिस्टरने 1867 साली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पेनिसिलिन आले, आणि 1954 साली तर त्याचा कारखाना आपल्या पिंपरीतच निघाला. दुसरी अडचण गंजाची. ती स्टेनलेस स्टील, कोबाल्ट-क्रोमियम व टायटॅनियम यांनी बरीच दूर केली. शरीरात गुपचूप पडून राहील तो धातू उत्तम, असे मत रूढ झाले. परंतु अशा अबोल पाहुण्याभोवती शरीर पुष्कळदा तंतूंचे पातळ वेष्टण विणते आणि त्याला वेगळा ठेवते. त्या फटीत धातू हलू लागला की प्रत्येक पावलाला कळ येते. चार्न्लीने 1962 च्या सुमारास इंग्लंडात खुब्याचा कृत्रिम सांधा प्लॅस्टिकच्या सिमेंटने बसविला आणि असंख्य लोकांना चालते केले. तरीही सिमेंट म्हणजे मधली भरणीच. हाडाशी त्याचे नाते जुळत नाही.

निराळा विचार सुचला तो बसच्या प्रवासात. 1967 साली अमेरिकेत लॅरी हेंच हे काचविद्येचे प्राध्यापक एका परिषदेस जात होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी होता. शरीर ज्याला झिडकारणार नाही असा पदार्थ तुम्ही का करीत नाही, असे त्याने विचारले. हेंच यांनी कॅल्शियम व फॉस्फरस असलेली काच केली. 1969 साली ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविली. सहा आठवड्यांनी पाहतात तो काच हाडातून निघेचना! तिच्या पृष्ठावर हाडातल्यासारख्याच खनिजाचा थर बनला होता.

पण काच ठिसूळ. माणसाचे वजन ती कशी पेलणार? तेव्हा बळ धातूचे आणि पृष्ठ हाडाच्या जातीचे, अशी जोडी जमविण्यात आली. हाडातील खनिजाशी जवळचे नाते असलेल्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची भुकटी दहा हजार अंशांहून तप्त अशा प्लाझ्माच्या झोतातून टायटॅनियमवर फवारू लागले. म्हणजे कारखान्यातलीच विद्या! 1985 मध्ये लंडनला फरलाँग यांनी आणि 1986 मध्ये नेदरलँड्समध्ये खेसिंक यांनी असे खुबे रुग्णांना बसविले.

यात कारागिरी नाजूक आहे. झोताच्या उष्णतेने खनिजाचा काही भाग बिघडतो व लवकर विरघळतो. थर जाड झाला तर भिंतीच्या गिलाव्यासारखा सुटतो. म्हणून तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवतात. शिवाय लेप असला म्हणजे सांधा अमर झाला, असे मुळीच नाही. वृद्धांमध्ये सिमेंटचे सांधेही उत्तम टिकतात, हे युरोपातील रुग्णनोंदींनी दाखविले आहे. जाहिरातींत मात्र ते क्वचित वाचावयास मिळते.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. हाडाने एकदा आपला मानलेला असा दांडा पुढे काही कारणाने काढावाच लागला, तर शल्यवैद्याला कित्येकदा मांडीचे हाड उभे चिरून तो मोकळा करावा लागतो.