फसली सालाचा दाखला आणि संगणकाची तारीख

17 सप्टेंबर 1948 हा दिवस आपण मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून पाळतो. त्या दिवशी शके 1870 होतं, हिजरी 1367 होतं, आणि निजामाच्या दफ्तरात फसली 1357, आबान महिना. दिवस एकच, सालं चार.

फसली म्हणजे पिकाचं साल. हिजरी वर्ष चांद्र, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकणारं. पीक मात्र सूर्यावर येतं. मग सारा कधी गोळा करायचा? म्हणून शहाजहानच्या काळात, 1636 च्या सुमारास, दख्खनेत हिजरी 1046 चाच आकडा घेऊन तो सौर वर्षाला बांधला. पुढे हैदराबादेत वर्ष आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होऊ लागलं. म्हणून त्या आठवड्यापासून डिसेंबरअखेर 590 मिळवायचे, त्यानंतर 591. हिशोब सोपा वाटतो खरा!

आपलं किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. इथल्या गोंड, कोलाम, आंध कुटुंबांना आजही आजोबा-पणजोबांचा कागद लागतो, आणि 6 सप्टेंबर 1950 ही अनुसूचित जमातींच्या आदेशाची तारीख त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते. कागद त्याआधीचा की नंतरचा?

आम्ही एका विद्यार्थ्याला हाताशी धरून अशा नोंदी संगणकात लावायला बसलो. त्यानं शेल स्क्रिप्ट लिहिली. पहिल्याच फेरीत 17-09-1948 ही तारीख 06-09-1950 च्या नंतरची ठरली! कारण संगणकानं अक्षरं तुलली: पहिलं अक्षर 1, दुसरीकडे 0. संपलं. साल आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की हा घोळ जातो. दुसरा मार्ग 'डेट' ही आज्ञा. ती 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून देते. ग्रिनिच वेळेनं मुक्तिदिनाचा आकडा येतो उणे 67,18,46,400. 7776 दिवस मागं. मग दोन पूर्णांकांत लहान-मोठा पाहायचा, एवढंच.

पण फसली साल त्या आज्ञेला कळत नाही. समजा कोणी नुसतं 1360 टाकलं, तर 1360 हे 1950 पेक्षा लहान, म्हणून कागद 'आधीचा' ठरतो. प्रत्यक्षात फसली 1360 सुरू झालं ऑक्टोबर 1950 मध्ये, आदेशानंतर महिन्याभरानं. संगणक चुकला असं म्हणता येत नाही, आम्हीच त्याला चुकीचं विचारलं.

आणि 1359? ते साल ऑक्टोबर 1949 ते ऑक्टोबर 1950. नुसतं साल असेल तर निकाल लागतच नाही. कागदाच्या कोपऱ्यात 'तीर' किंवा 'खुरदाद' वाचता आलं तर वसंत-उन्हाळा निघतो आणि नोंद आधीची ठरते. 'आबान' असेल, तर दिवसही वाचावा लागतो. त्या जागी कागदाला वाळवी लागलेली असली तर आम्ही रकाना मोकळा ठेवतो आणि शेजारी 'अनिर्णित' लिहितो. स्क्रिप्टला तिसरं उत्तर द्यायला शिकवणं, याला आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले.