न्यायालयीन खटल्यांतील इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या मर्यादा

न्यायालयीन खटल्यांतील इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या मर्यादा म्हणजे संगणकीय दस्तऐवज, चित्रीकरण, ई-मेल, भ्रमणध्वनीतील संदेश इत्यादींचा पुरावा म्हणून वापर करताना, तसेच खटल्याचे कामकाज संगणकाद्वारे चालवताना उद्भवणारे दोष व अडचणी. कागदावरील खाडाखोड बहुधा डोळ्यांना दिसते. संगणकीय धारिकेतील फेरफार तसा दिसत नाही. त्यामुळे अशा पुराव्याची विश्वासार्हता दस्तऐवजाबरोबरच तो ज्या यंत्रात होता ते यंत्र, त्याचा ताबा असलेली व्यक्ती आणि तपासणारा तज्ज्ञ यांवर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याद्वारे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये कलम ६५-ब घालण्यात आले व इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या ग्राह्यतेच्या अटी ठरल्या. न्यायालयांच्या संगणकीकरणासाठीचा ई-न्यायालय प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथील न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत 'न्याय कौशल' या देशातील पहिल्या ई-संसाधन केंद्राचे, तसेच वाहतूकविषयक प्रकरणांसाठीच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून कलम ६५-बच्या जागी त्याचे कलम ६३ आले आहे.

सत्यतेचा प्रश्न

धारिकेवरील दिनांक संगणकाच्या घड्याळावरून पडतो आणि तो बदलता येतो. धारिका नुसती उघडल्यानेही तिच्याविषयीच्या काही नोंदी बदलू शकतात. म्हणून जप्तीच्या वेळीच साठवण-साधनाची हुबेहूब प्रत काढून तिचे 'हॅश मूल्य' नोंदवणे आवश्यक असते. धारिकेत एका अक्षराचा बदल झाला तरी हे मूल्य बदलते. मात्र जप्तीपूर्वीच कोणी दुरून संगणकात शिरून धारिका ठेवली असल्यास हॅश मूल्यावरून ते कळत नाही.

हा मुद्दा एल्गार परिषद प्रकरणात पुढे आला. या प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या व सहआरोपी रोना विल्सन यांच्या संगणकांत हानिकारक आज्ञावलीच्या साहाय्याने दस्तऐवज ठेवले गेले, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मधील अहवालांत काढला. राष्ट्रीय तपास संस्थेने तो स्वीकारलेला नाही. अशा वादाचा निर्णय परस्परविरोधी तज्ज्ञमतांवर अवलंबून असल्याने, स्वतंत्र तपासणीचा खर्च न पेलणाऱ्या आरोपीला तो वाद उभा करणेही कठीण जाते.

प्रमाणपत्राची अडचण

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर दाखल झाल्याचा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला व निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार दिला. अधिकाऱ्यांनी चित्रीकरणाच्या प्रती दिल्या, परंतु वारंवार मागूनही कलम ६५-बचे प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवताना स्पष्ट केले, की मूळ साधन न्यायालयात आणता येत नसेल तेथे प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ते न मिळाल्यास त्याला या अटीतून सूट मिळू शकते. यंत्र एकाच्या ताब्यात आणि सिद्धतेचा भार दुसऱ्यावर, ही या पुराव्यातील मूळ विसंगती या प्रकरणाने उघड केली. नव्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राच्या दोन भागांपैकी एक तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यांत हॅश मूल्य नमूद करावे लागते. त्यामुळे सुरक्षितता वाढली, तसेच सामान्य पक्षकाराचे तज्ज्ञांवरील अवलंबित्वही वाढले.

दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष

महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई (२००३) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष नोंदवण्यास मान्यता दिली. तथापि, साक्षीदाराजवळ पडद्याबाहेर कोण आहे, तो कशातून वाचत आहे काय, हे न्यायाधीशांना दिसतेच असे नाही. संपर्क खंडित झाल्यास उलटतपासणीचा ओघ तुटतो व साक्षीदाराला सावरण्यास अवधी मिळतो. करोना साथीत ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने, उच्च न्यायालयांचे नियम होईपर्यंत, दोन्ही पक्षांच्या संमतीविना अशा रीतीने साक्ष नोंदवू नये असे बजावले होते.

भाषा व उपलब्धता

महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांत मराठीतून कामकाज चालते. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेला मराठी मजकूर, तोच टंक नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हांत दिसतो आणि शब्दशोधात सापडत नाही. नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात गडचिरोलीसारखा दुर्गम जिल्हाही येतो. तेथील पक्षकाराला ई-दाखल्यासाठी संगणक, जोडणी व वीज या तिन्हींची गरज भासते. ज्याच्याकडे ही साधने नाहीत, त्याला आपल्याच खटल्याची कागदपत्रे पाहण्यासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागते.

उपाय

जप्तीच्या जागीच हॅश मूल्य नोंदवणे, आरोपीला साठवण-साधनाची हुबेहूब प्रत वेळेवर देणे, मूळ साधन अपिलाच्या निकालापर्यंत जतन करणे, गरजू पक्षकारास विधी साहाय्यातून तज्ज्ञ उपलब्ध करून देणे आणि ई-दाखल्याबरोबर कागदी दाखल्याचा पर्याय खुला ठेवणे, हे उपाय या संदर्भात महत्त्वाचे ठरतात.