नाममुद्रा आणि बिदागी : लोणंद परिसरातील गायक-वादकांच्या उपजीविकेचा विचार

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम लोणंद येथे पडतो. एरवी कांद्याची बाजारपेठ आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक म्हणून ओळखले जाणारे हे गाव त्या दिवसांत टाळमृदंगाने भरून जाते. या सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा हे सातारा जिल्ह्यातील आरफळचेच. संगीतावर पोट कसे भरते, या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास लोणंदचा हा मुक्काम उपयोगी पडावा. कारण येथे गाणे उदंड आहे आणि त्याची विक्री जवळजवळ नाही. दिंडीचा खर्च वारकऱ्यांच्या भिशीतून चालतो. कीर्तनाचे मोल घेऊ नये हा संप्रदायाचा जुना दंडक होय. तरीही वर्षभर गावोगावच्या सप्ताहांत फिरणाऱ्या कीर्तनकारास व मृदंगवादकास बिदागी मिळते आणि तीवर कित्येक घरे चालतात. बिदागी म्हणजे निरोपाच्या वेळी हाती ठेवलेले द्रव्य. ती गाण्याची किंमत नव्हे. माणूस आला, रात्रभर उभा राहिला, याची ती पोच होय.

सातारा-सांगलीकडील संगीतव्यवसायाचा इतिहास याच भेदाभोवती फिरतो. देवळात वाजविणारा गुरव, लग्नात सनई धरणारा होलार, हलगीवर थाप देणारा मांग, यांचा मोबदला धान्याच्या रूपाने गावाकडून येई आणि तो हजेरीशी बांधलेला असे. तमाशाच्या फडाची सुपारी हेही हजेरीचेच मोल. चैत्र-वैशाखातील जत्रांचा हंगाम जवळ आला की गावकारभारी जुन्नर तालुक्यातील नारायणगावी फडांच्या राहुट्यांत जाऊन खेळ ठरवितात, ही रीत अद्याप टिकून आहे. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू यांच्यासारखे फड याच सुपारीवर महाराष्ट्रभर फिरले. कलावंतास हंगामापूर्वी ‘उचल’ मिळे आणि ती फिटेपर्यंत तो फडाशी बांधला जाई. स्वतंत्र कलावंत हा शब्द आज सहज वापरला जातो. पण उचलीच्या वहीत नाव असलेला ढोलकीवाला किती स्वतंत्र होता, हे त्या वहीलाच विचारावे लागेल.

मात्र गाणे रचणाराचा प्रश्न वेगळा आहे. शाहीर लावणीच्या वा पोवाड्याच्या शेवटी आपले नाव गुंफीत असे. ही नाममुद्रा केवळ अलंकार नव्हती. छापखाना आणि कायदा यांच्या आधीच्या काळात कर्तृत्वाची नोंद ठेवण्याचे तेच साधन होते. गाणाऱ्याला कडवे पुरे करताना कर्त्याचे नाव घ्यावेच लागे. रचनांची बाडेही जपून ठेवली जात, कारण नवी लावणी ही फडाची पुंजी असे. परंतु नाममुद्रेने कीर्ती राखली, द्रव्य राखले नाही. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे 1866 साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, हे याचे ठळक उदाहरण. कुलकर्णीपण सोडून ते फडात आले. पवळाबरोबरचा त्यांचा फड गाजला. त्यांच्या लावण्या इतर फडांच्याही तोंडी बसल्या. 1945 साली पुण्यात त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. त्यांचे नाव घेऊन गाणाऱ्या प्रत्येकाला त्या रात्रीची सुपारी मिळत होती. नाव ज्याचे, त्याला तीतून काही देण्याची पद्धतच अस्तित्वात नव्हती. व्यक्तिगत उधळेपणाकडे बोट दाखवून हा विषय मिटविण्याची सवय चरित्रकारांस आहे. ती सोयीची आहे, पुरेशी नाही.

ध्वनिमुद्रण भारतात 1902 साली आले आणि गाणे प्रथमच गाणाऱ्यापासून सुटे झाले. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोन कंपनीसाठी काही मुद्रणे केली आणि त्यानंतर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत ध्वनिमुद्रणाचा मार्ग फारसा धरला नाही. मधल्या काळात त्यांचा निर्वाह मैफली, संस्थानिकांचा आश्रय आणि आपले संगीत विद्यालय यांवर चालला. 1937 साली त्यांचा मृत्यू झाला तोही दक्षिणेतील दौऱ्यावर, पाँडिचेरीच्या वाटेवर. तबकड्यांनी त्यांचा आवाज जेथे ते स्वतः कधी गेले नाहीत तेथे पोहोचविला, आणि तबकडीवरील आवाजाने मैफलीचे आमंत्रण आणले. उपजीविकेच्या दृष्टीने तिचे मोल बहुधा एवढेच. वाई तालुक्यातील पसरणीचे शाहीर साबळे (1923–2015) यांच्या बाबतीतही तबकडीने नाव मोठे केले, पण पथक चालले ते प्रयोगांवर. 2023 साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेले गीत राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज साबळे यांचा. एका गीतात अशी तीन कर्तृत्वे असतात आणि मुद्रणाचा मालक हा चौथा असतो, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस कॅसेट आली आणि या चौथ्याची मक्तेदारी ढिली झाली. मुद्रणाचा खर्च इतका उतरला की मांढरदेवच्या काळूबाईची वा एखाद्या ग्रामदैवताची गाणी त्या जत्रेपुरती मुद्रित करून तेथेच विकणे परवडू लागले. प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांची विठ्ठलगीते घराघरांत गेली ती प्रामुख्याने याच काळात. परंतु भारतीय कॅसेट व्यवसायाचा अभ्यास करणारे पीटर मॅन्युएल यांच्या 1993 च्या ग्रंथावरून दिसते की, गायकास एकरकमी मानधन देऊन मोकळे होणे हीच या धंद्याची सर्वसाधारण रीत होती. पुढे लाखो प्रती खपल्या तरी हिशेब पहिल्याच दिवशी संपलेला असे.

कायद्याने या रीतीला दीर्घकाळ पाठबळच दिले. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमाने रचनाकारास हक्क दिले; पण 1977 साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालपत्राच्या पुरवणीत गायकास कायद्यात स्थानच नसल्याकडे लक्ष वेधले होते. गायक-वादकांचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने आले. 2012 च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा त्यांच्याकडून कराराने काढून घेता येणार नाही, असे ठरविले आणि कलावंतालाही व्यापारी वापरातील रॉयल्टीचा हक्क दिला. पठ्ठे बापूरावांच्या काळी नसलेली पद्धत त्यांच्या मृत्यूनंतर 67 वर्षांनी कागदावर आली.

तोवर गाण्याची प्रतच नाहीशी होऊ लागली होती. स्ट्रीमिंगमध्ये श्रोता गाणे विकत घेत नाही. तो मासिक वर्गणी देतो किंवा जाहिराती सोसतो. जमलेल्या रकमेतील कंपनीचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम सर्वसाधारणपणे एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटली जाते. परिणामी लोणंदच्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ आपल्या गावच्या शाहिरास ऐकले, तरी त्याच्या वर्गणीचा बहुतेक भाग देशभर गाजणाऱ्या चित्रपटगीतांकडे जातो. ही रक्कमही थेट गायकाकडे न जाता मुद्रणाच्या हक्कदाराकडे आणि मधल्या वितरकाकडे जाते. गायक स्वतःच हक्कदार असेल तर गोष्ट निराळी, आणि हेच या पद्धतीचे खरे नवेपण. पूर्वी कंपनीवाचून मुद्रण बाजारात जात नव्हते. पण समजा, एका श्रवणामागे दहा पैसे हाती आले, तर एक लाख श्रवणांचे दहा हजार रुपये होतात आणि ते गायक, ढोलकी, पेटी, कोरस यांत वाटायचे असतात. स्पॉटिफायने 2024 पासून, मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणेही न झालेल्या मुद्रणास मुद्रणाची रॉयल्टी देणे थांबविले. ग्रामदैवताच्या गाण्याचा श्रोता एका खोऱ्यापुरता असतो. हा नियम त्याच्यावरच प्रथम येऊन आदळतो.

म्हणून स्ट्रीमिंगने जुनी घडी मोडली, हे मत या परिसराच्या बाबतीत स्वीकारता येत नाही. यूट्यूबवर गाणे पाहिले जाते आणि जत्रेची सुपारी येते. तबकडीने खाँसाहेबांना मैफल आणून द्यावी तशातलाच हा प्रकार. 2020 आणि 2021 या लागोपाठ दोन वर्षी टाळेबंदीने जत्रांचा हंगाम बुडविला तेव्हा याची कसोटी लागली. गाणी जाळ्यावर पूर्वीप्रमाणेच ऐकली जात होती, किंबहुना अधिक. तरीही राहुट्या ओस पडल्या आणि फडांवर उपासमारीची पाळी आली. एक हंगाम चुकताच घरे उघडी पडावीत, इतकी श्रवणांची मिळकत क्षीण होती.

राहतो प्रश्न नाममुद्रेचा. 2012 च्या कायद्याने दिलेला वाटा मिळविण्यासाठी कर्त्याचे नाव मुद्रणाच्या नोंदीत असावे लागते आणि कर्ता हक्कसंस्थेचा सभासद असावा लागतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीची नव्या कायद्याखालील नोंदणी 2017 साली झाली. गायकांची संस्था 2013 पासून आहे. ग्रामीण गीतांच्या नोंदीत मात्र कवी व संगीतकार या रकान्यांत ‘पारंपरिक’ एवढाच शब्द वारंवार आढळतो. कधी तो खरा असतो. कधी शेवटच्या कडव्यात कवीचे नाव स्पष्ट ऐकू येत असते आणि रकान्यात तरीही ‘पारंपरिक’ असते. अशी गीते एक एक ऐकून, बाडांशी ताडून, कर्त्यांची सूची तयार करण्याचे काम मराठीच्या व इतिहासाच्या विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क वारसांकडे असतो. पठ्ठे बापूरावांच्या रचनांची ही मुदत 2005 अखेर संपली. त्यांच्यानंतरच्या अनेक शाहिरांची अजून संपलेली नाही.